सही मनी, पैसा त्याना: गट-कर्ज कंपनीसोबतची माझी साडेचार वर्षं

जानेवारीत दुसऱ्या कर्जाचा चोविसावा हप्ता भरला आणि आठ दिवसांनी कर्ज फिटल्याचा दाखला हातात आला. दाखल्यावर माझं नाव आहे. तो पेटीत ठेवला आणि लिहायला बसले, कारण आमच्या गावात दर आठवड्याला एक तरी बाई मला विचारते, "ताई, त्या कंपनीचं लोन घेऊ का?" हो किंवा नाही एवढ्यात याचं उत्तर संपत नाही.

मी धुळे जिल्ह्यात, दोंडाईच्याजवळच्या एका खेड्यात राहते. बारावी झाले आहे. आमच्या बचत गटाची मी सचिव, रजिस्टर माझ्याकडेच असतं. घरची चार एकर कोरडवाहू, सातबारा सासऱ्यांच्या नावावर. दोन वर्षांपासून ओसरीत मिरची कांडपाचं मशीन चालवते. कंपनीचं नाव लिहीत नाही. आमच्या भागात पाच-सहा कंपन्या याच पद्धतीने बायांना कर्ज देतात आणि मी जे सांगणार आहे ते थोड्याफार फरकाने सगळीकडे दिसेल. माझ्याकडून या सेवेला पाचपैकी तीन तारे.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. २०२० मध्ये मी तालुक्याच्या बँकेत शिलाई मशीनसाठी कर्ज मागायला गेले होते. पहिला प्रश्न सातबारा, दुसरा जामीनदार, तिसरा "मिस्टरांना घेऊन या". सातबाऱ्यावर माझं नाव नाही, घराच्या उताऱ्यावर नाही. माझ्या नावावर होतं ते आधार कार्ड आणि गळ्यातली पोत. या कंपनीने सातबारा मागितला नाही, सोनं मागितलं नाही, गावातल्या कुणा प्रतिष्ठिताची सही मागितली नाही. पाच बायांचा गट करा, एकमेकींची हमी घ्या, एवढंच. अर्ज केल्यापासून बाराव्या दिवशी पैसे खात्यात. सावकाराच्या ओट्यावर तासभर डोक्यावरचा पदर सावरत बसलेल्या बाईला बारा दिवस म्हणजे काय ते विचारा. माझी सासू तशी बसलेली आहे.

पहिलं कर्ज जून २०२१ चं, ३०,००० रुपयांचं. त्याची गोष्ट मला नीट सांगायची आहे.

पैसे माझ्या खात्यावर आले. गावातल्या बँक मित्राकडे, म्हणजे बँकेतले पैसे गावातच काढून देणाऱ्याकडे, मी अंगठा लावला, नवरा मागे उभा होता. नोटा माझ्या हातात आल्या, मी त्या मोजल्या आणि दुकानाच्या पायरीवरच त्याच्या हातात दिल्या. पाच मिनिटंसुद्धा माझ्याकडे नव्हत्या. कपाशीचं बियाणं, खत आणि मोटर भरून घेण्यात गेल्या. यात त्याने काही वाईट केलं असं मी म्हणत नाही. शेत घराचं आहे, पोरांच्या तोंडात त्यातलंच पडतं. पण कर्जाच्या कार्डावर माझं नाव होतं आणि कर्जाचं कारण लिहिलं होतं "शेळीपालन". आमच्याकडे तेव्हा शेळी नव्हती, आजही नाही. कंपनीकडून हप्ता घ्यायला येणाऱ्या सरांना मी विचारलं, तर म्हणाले, "ताई, काही तरी लिहावं लागतं." महिन्याचा हप्ता सोळाशेच्या आसपास. कापूस दिवाळीनंतर विकला जायचा आणि त्याचा पैसा आधी दुकानदाराच्या उधारीत जायचा. हप्ता मी भरला, निंदणीच्या मजुरीतून. चोवीस महिने. सहा महिने झाल्यावर नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "तुना नाववर शे ना लोन?" तुझ्याच नावावर आहे ना?

आमच्या सेंटरला, म्हणजे हप्त्यासाठी सगळे गट जमतात त्या बैठकीला, एक म्हातारी अक्का आहे. मीटिंगला निघताना ती एकदा म्हणाली, "सही मनी, पैसा त्याना, आन हप्ता बी मनाच." सही माझी, पैसा त्याचा आणि हप्ताही माझाच. अंगठ्याला सगळ्या सहीच म्हणतात. त्या दिवशी ओट्यावर पंधरा जणी होतो, एकीनेही तिला खोडून काढलं नाही.

नंतर बचत गटाच्या एका प्रशिक्षणात कळलं की अक्काचं हे दुखणं एकट्या खान्देशचं नाही. बांगलादेशात मुहम्मद युनूस यांनी १९७६ मध्ये जोब्रा गावापासून सुरुवात केली, १९८३ मध्ये ग्रामीण बँक उभी राहिली, २००६ मध्ये युनूस आणि बँकेला शांततेचं नोबेल मिळालं. त्या बँकेच्या कर्जदारांत शंभरातल्या पंचाण्णवहून जास्त बाया. त्याच बांगलादेशात १९९६ मध्ये दोन अभ्यासक बायांनी, ॲन मेरी गोएट्झ आणि रीना सेन गुप्ता यांनी, कर्जं तपासली. बायांच्या नावच्या कर्जांतल्या बऱ्याच मोठ्या हिश्श्यावर ताबा घरातल्या पुरुषांचा होता. प्रशिक्षणाच्या मॅडम हे सांगत होत्या आणि मला ती बँक मित्राची पायरी दिसत होती.

मग कंपन्या बायांनाच का देतात? माझा दीर नेहमी चिडून विचारतो, "बायासले देतस, आम्हले काबर नही?" कागदावर उत्तर असतं महिला सक्षमीकरण. मी साडेचार वर्षं त्या ओट्यावर बसून जे पाहिलं ते असं: बाई दिवसा गावात सापडते. सुरतेला कामाला निघून जात नाही. चार जणींसमोर नाव पुकारलं आणि हातात पैसे नसले तर तिला मेल्याहून मेल्यासारखं होतं, म्हणून ती शेजारणीकडून, माहेरून, पोराच्या वहीच्या पैशातून हप्ता आणते. पुरुष सांगतो, पुढच्या महिन्यात बघू. बाई असं सांगू शकत नाही. कंपनीला सातबारा लागत नाही, कारण तारण म्हणून तिने आमची लाज ठेवून घेतलेली आहे. हे कडू वाटेल, पण पाच ताऱ्यांतला एक मी यासाठीच कापला.

सेंटर मीटिंग महिन्यातून एकदा, सकाळी नऊला, सेंटर लीडर अक्काच्या ओट्यावर. सतरंजीवर गटागटाने ओळीत बसायचं, प्रतिज्ञा म्हणायची, मग सर टॅबवर एकेक नाव घेतात. नोटा कुणाच्या रुमालाच्या गाठीत, कुणाच्या पोलक्यात, घामाने ओलसर. सर त्या सरळ करून मोजतात, कार्डावर सही करतात. बहुतेक सर पंचविशीच्या आतले, बाहेरच्या जिल्ह्यातले, वागायला चांगले. उन्हातान्हात मोटरसायकलवर दिवसाला चार-पाच सेंटर करतात. त्यांच्या डोक्यावरही वसुलीचा आकडा असतो, तो चेहऱ्यावर दिसतो. त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही.

पण २०२४ च्या श्रावणात जे झालं ते लिहिलंच पाहिजे. आमच्या गटातल्या एकीचा मुलगा धुळ्याला दवाखान्यात होता. ती हप्त्याला आली नाही. सर म्हणाले, गटाने भरा, नाहीतर मीटिंग सुटणार नाही. शेतात निंदणीला जायच्या बाया दुपारी एकपर्यंत बसून राहिल्या. आम्ही चौघींनी मिळून ९०० रुपये जमवले, बाकीचे नव्हते. संध्याकाळी ते सर तिच्या दारात जाऊन बसले. घरात तिची सासू आणि लहान मुलगी. रात्री आठ वाजता मी गेले तेव्हा ते ओट्यावर बसलेले आणि मुलगी दाराआडून बघत होती. मी त्यांना म्हटलं, "सर, संध्याकाळी सहानंतर वसुलीला येता येत नाही, तुमच्या रिझर्व्ह बँकेचा नियम आहे." ते गोंधळले. मला वाटतं, हा नियम गावातल्या बाईला माहीत असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. पाच मिनिटांनी गाडी निघाली.

तो नियम १४ मार्च २०२२ चा, लागू झाला १ एप्रिल २०२२ पासून. वर्षाचं उत्पन्न ३ लाखांपर्यंत असलेल्या घराला दिलेलं बिनतारणी कर्ज म्हणजे सूक्ष्म कर्ज. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जायला नकोत. वसुली सकाळी नऊच्या आधी नाही, सहानंतर नाही. धमकावायचं नाही, घरच्यांना त्रास द्यायचा नाही. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड नाही. हप्ता थकला तर दंड थकलेल्या रकमेवरच. विमा किंवा दुसरी कुठली वस्तू बाईच्या संमतीशिवाय गळ्यात मारायची नाही. कार्ड आपल्याला कळेल त्या भाषेत हवं आणि त्यावर तक्रारीचा नंबर हवा. माझ्या कार्डावर नंबर होता, बारीक अक्षरात, मागच्या पानावर. दोन वर्षांत सरांनी तो एकदाही वाचून दाखवला नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची, तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी १४४४८ वर फोन लागतो. आमच्या गटातल्या त्या बाईच्या प्रकाराची तक्रार आम्ही पाच जणींच्या सहीने केली. पुढच्या महिन्यात वरचे साहेब आले, माफी मागितली, तिला हप्त्याला मुदत दिली. माफी मागितली म्हणून मी तीनाचे दोन केले नाहीत.

आता व्याजाचं, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. दुसरं कर्ज ४०,००० रुपयांचं, जानेवारी २०२४ ला घेतलं. हातात आले ३८,४२८. प्रोसेसिंग फी एक टक्का आणि त्यावरचा जीएसटी मिळून ४७२ गेले, माझा आणि नवऱ्याचा विमा म्हणून १,१०० गेले. हप्ता २,११५ रुपये, चोवीस महिने. म्हणजे ५०,७६० भरले, व्याज १०,७६०. सर मीटिंगमध्ये सांगायचे, "शेकडा सव्वा रुपयाच्या आत पडतं ताई, सावकार पाच घेतो." सावकाराचं खरं आहे. पण शेकडा सव्वा रुपया हा हिशोब पूर्ण ४०,००० दोन वर्षं आपल्याकडेच राहिले असं धरून होतो. आपण तर दर महिन्याला मुद्दल परत करत असतो. तेराव्या महिन्यात आपल्याकडे त्यांचे अर्ध्यापेक्षा थोडेच जास्त पैसे उरलेले असतात. उरलेल्या मुद्दलावर मोजलं की दर वर्षाला २४ टक्के होतो आणि कार्डावर तोच छापलेला असतो. छापलेला आकडा वाचायचा, तोंडी आकडा सोडून द्यायचा.

बाईला हे गणित कळत नाही असं कुणी म्हणू नये. साताऱ्याकडच्या म्हसवडच्या बायांनी चेतना सिन्हांबरोबर स्वतःची बँक काढायचं ठरवलं, तेव्हा सभासद निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने परवानगी नाकारली. त्या बाया शिकायला बसल्या आणि मग अधिकाऱ्यांसमोर जाऊन म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या साहेबांना यंत्र न घेता करायला सांगा. १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक सुरू झाली. अहमदाबादला इला भट्टांच्या पुढाकाराने सेवा बँक त्याच्याही आधी, १९७४ मध्ये झाली होती. आमच्या अक्कालाही २४ टक्के म्हणजे काय ते एकदा मूठभर शेंगदाणे मांडून दाखवलं, दहा मिनिटांत कळलं. तिला चाळीस वर्षांत कुणी दाखवलंच नव्हतं.

दुसरं कर्ज घ्यायच्या आधी मी घरात बसून बोलले. सोपं नव्हतं. सासऱ्यांसमोर मी कधी पैशाचा विषय काढला नव्हता. म्हटलं, सही माझी लागणार असेल तर वस्तूही माझ्या नावाने येईल. नवरा दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी तोच म्हणाला, "चाल, धुळे जाऊत, मशीन देखी येऊत." आम्ही दोघं एसटीने गेलो. तीन दुकानं फिरलो. बिल माझ्या नावाचं करून घेतलं, घरी आल्यावर उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंद, केली, ती मोफत होते. खात्याचं एटीएम कार्ड तेव्हापासून माझ्याकडे आहे.

मिरची नंदुरबारच्या बाजारातून येते, लोक आपापली वाळवून, देठं खुडून आणतात. फेब्रुवारीच्या मध्यापासून मे संपेपर्यंत मशीन थांबत नाही. दिवसाला वीस-पंचवीस किलो, किलोला ४० रुपये. तोंडाला ओला रुमाल, डोळ्यांत जळजळ, हाताला रात्री खोबरेल लावलं तरी आग जात नाही. पोरगी जवळ आली की शिंकत सुटते. पण संध्याकाळी डब्यात जे पैसे पडतात ते मी मोजते आणि मी ठेवते. या हंगामात लोक "वहिनी आहेत का घरी?" असं विचारत येतात. पूर्वी "भाऊ आहेत का?" असं विचारायचे. माझा नवरा आता स्वतः पोती उतरवून घेतो आणि पैसे माझ्याकडे द्यायला सांगतो.

तेच कर्ज, तीच कंपनी, तोच ओटा. पहिल्या वेळी मी हप्ता भरणारी होते, दुसऱ्या वेळी धंदा करणारी. हा फरक कंपनीने केला नाही. तिच्या फॉर्ममध्ये तो विचारलेलाच नाही. पैसा कोण वापरणार, वस्तू कुणाच्या नावावर येणार, हे दोन प्रश्न सरांनी घरव्हिजिटला विचारले असते आणि नवऱ्यासमोर विचारले असते, तर गावातल्या निम्म्या घरांत बोलणं तरी सुरू झालं असतं. दुसरा तारा मी त्यासाठी कापला.

हप्त्याचं वेळापत्रक आमच्या कामाशी जुळत नाही, हीही अडचण मोठी आहे. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, माझ्याकडे चार हप्त्यांचे पैसे एकदम असतात, श्रावण-भादव्यात एकाचेही नसतात. जास्तीचे आगाऊ भरते म्हटलं तर टॅबमध्ये तशी सोय नाही म्हणाले. शेवटी मी मेमध्येच पुढच्या पाच महिन्यांचे हप्ते वेगळ्या पोस्ट खात्यात टाकायला लागले.

आणि एक गोष्ट मनाला लागलेली आहे. आमच्या शेजारची विधवा बाई, दोन पोरं, स्वयंपाकाची कामं करते, हात चोख. तिने अर्ज केला तर सहीला घरातला पुरुष हवा म्हणाले. "मुलगा अठराचा झाला की या." सूक्ष्म-कर्जाच्या नियमात पुरुषाची सही लागतेच अशी अट नाही. ही कंपनीने आपल्या सोयीसाठी घातलेली आहे. बायांसाठी म्हणून काढलेल्या कर्जात एकट्या बाईला जागा नाही, हे मला कळत नाही. त्या बाईला आमच्या बचत गटाने घेतलं, पहिल्यांदा ५,००० दिले, शेकडा एकने. तिने ते वेळेत परत केले.

बचत गट आणि कंपनी यांत लोक गल्लत करतात म्हणून सांगते. गटात पैसा आधी आपलाच असतो, महिन्याला शंभर-दोनशे जमवलेला. त्यातून आपसात कर्ज आणि त्याचं व्याज परत गटातच. नाबार्डने १९९२ पासून असे गट बँकांना जोडायला सुरुवात केली. आता उमेदच्या, म्हणजे सरकारच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, गटांना ३ लाखांपर्यंतचं बँक कर्ज ७ टक्क्यांनी मिळतं. चोवीस आणि सात. मग बाया कंपनीकडे का जातात? कारण आमच्या गटाची फाइल बँकेत सात महिने पडून होती. साहेब बदलले, फोटो परत मागितले, ठरावाची झेरॉक्स हरवली. दहा जणींनी मजुरी बुडवून चार वेळा बँकेत जायचं. पोराची फी सात महिने थांबत नाही. बाराव्या दिवशी येणारा पैसा महाग असला तरी बाई तो घेते, आणि तिला त्यासाठी मूर्ख म्हणणाऱ्याने एकदा ती फाइल घेऊन बँकेत बसून बघावं.

दाखला हातात देतानाच सर म्हणाले होते, "ताई, तुमचा रेकॉर्ड क्लीन आहे, ऐंशी हजार लगेच होतील." मी सध्या घेतलं नाही. मसाला पाकिटात भरून सील करायचं मशीन घ्यायचं आहे, पण गटाचं बँक कर्ज आता मंजूर झालंय, त्यातून घेईन.

मागच्या आठवड्यात जावेची बहीण आली होती, शिंदखेड्याकडची. तिला याच कंपनीने ५०,००० मंजूर केले होते, नवरा ट्रॅक्टरच्या टायरचं बोलत होता. मी माझं कार्ड काढलं, तिच्यासमोर ठेवलं आणि आम्ही दोघी हिशोबाला बसलो. पन्नासाचा हप्ता किती, तिची मजुरी किती, पावसाळ्यात काम किती दिवस. ती बोटांवर मोजत होती, मी वहीत लिहीत होते. तिने तिथूनच नवऱ्याला फोन लावला. बराच वेळ "हो", "नही", "मी सांगस ना" असं चाललं. दुसऱ्या दिवशी तिने सरांना सांगितलं, वीसच द्या. त्यातून शिलाई मशीन आणि पिको-फॉलचं मशीन घेतलं. बिलाचा फोटो तिने मला पाठवला, नावाच्या ओळीवर बोट ठेवून.